अर्धांगवायूची पहिली घटका

आपल्या बोलीतला ‘अर्धांगवायू’ हा शब्द मोठा बोलका आहे. हात उचलत नाही, पाय ओढावा लागतो, तोंड वाकडे झाले आहे, एवढे सारे चित्र त्या एका शब्दात उभे राहते. संस्कृत वैद्यकाने दिलेला ‘पक्षाघात’ हा शब्दही तेच सांगतो. शरीराच्या दोन बाजूंपैकी एका बाजूवर झालेला तो आघात. सुश्रुताने या रोगात अर्धे शरीर कर्महीन आणि संवेदनाहीन होते असे म्हटले. चरकाने त्याच्या जोडीला वाचा थांबण्याचीही नोंद केली. ग्रीकांचा ‘अपोप्लेक्सी’ म्हणजे फटका बसून कोसळणे, आणि इंग्रजांचा ‘स्ट्रोक’ हा त्याचाच धाकटा भाऊ. साऱ्या जगाने या रोगाचे बारसे करताना शरीराकडेच पाहिले. त्यात नवल नाही. शरीर पडते तेव्हा ते चारचौघांना दिसते.

परंतु अंग पडण्याच्या आधी, किंवा ते पडत असतानाच, मनातही काहीतरी पडलेले असते. नेहमीचा शब्द ओठांवर येत नाही. तीच ती ओळ दोनदा वाचूनही अर्थ लागत नाही. ओळखीच्या खोलीत क्षणभर आपण कुठे आहोत हे उमगत नाही. आणि सर्वांत विलक्षण म्हणजे, आपले काही बिघडले आहे याचे भयही पुष्कळदा वाटत नाही. या पहिल्या घटकेचा इतिहास फार थोडा लिहिला गेला आहे, कारण तो लिहिणार कोण? ज्याने साक्ष द्यायची तोच त्या वेळी फितूर झालेला असतो. तरीही एका माणसाने ती साक्ष दिली आहे, आणि तीही अशी की अडीचशे वर्षांच्या घरात आली तरी तिच्यातला एक शब्द शिळा झालेला नाही.

तो माणूस म्हणजे डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन. इंग्रजी भाषेचा कोशकार. ४२ हजारांवर शब्दांचा त्याचा कोश १७५५ साली बाहेर पडला आणि पुढे सव्वाशे-दीडशे वर्षे इंग्रजांनी तो प्रमाण मानला. बोलणे हा तर त्याचा श्वास होता. त्याच्या बोलण्यानेच बॉस्वेलचे प्रसिद्ध चरित्र भरले आहे. पण या धिप्पाड, गडगडाटी माणसाला आयुष्यभर एका गोष्टीचे भय होते. आपली बुद्धी आपल्याला सोडून जाईल, हे ते भय. तरुणपणीच त्याला घोर विषण्णतेने ग्रासले होते. मन सैरभैर झाले की तो आकडेमोड करीत बसे. सत्तरीच्या सुमारास आपली बुद्धी मंदावली की काय अशी शंका आली, तेव्हा ती पडताळून पाहण्यासाठी त्याने डच भाषा शिकायला घेतली! सावकाराने रात्री उठून तिजोरी चाचपावी तसा तो आपल्या मनाला चाचपीत असे.

१६ जून १७८३ चा सोमवार त्याचा चांगला गेला होता. वय ७३. त्या दिवशी त्याने आपले चित्र काढून घेण्यासाठी बैठक दिली, बरेच अंतर पायी चालला, संध्याकाळी अंग हलके वाटले म्हणून पुढचे बेतही करू लागला. लंडनमध्ये फ्लीट स्ट्रीटजवळच्या बोल्ट कोर्टातील घरात रात्री तो निजला. पहाटे तीनच्या सुमारास जाग आली. सवयीप्रमाणे तो उठून बसला आणि डोक्यात एक गोंधळ, एक अस्पष्टपणा भरून आल्यासारखे त्याला वाटले. तो अर्धा मिनिट टिकला असेल.

अर्धा मिनिट! तुम्ही-आम्ही कूस बदलून पुन्हा झोपलो असतो. जॉन्सन घाबरला. त्याने देवाची प्रार्थना केली, की शरीराचे काय करायचे ते कर, पण माझी समज शाबूत ठेव. आणि लगेच, समज शाबूत आहे की नाही हे पाहण्यासाठी, ती प्रार्थना त्याने लॅटिन पद्यात रचली. काळोखात, पहाटे तीन वाजता, मरणाच्या दाराशी बसून हा म्हातारा गण-मात्रा जुळवीत होता. ओळी काही फारशा चांगल्या उतरल्या नाहीत. पण त्या चांगल्या नाहीत हे त्याला कळले. रचनेला कष्टही पडले नाहीत. तेव्हा बुद्धीला धक्का लागलेला नाही असा निर्वाळा त्याने स्वतःच स्वतःला दिला.

आणि मग त्याच्या ध्यानात आले की आपली वाचा गेली आहे.

पुढची हकीकत त्याने दोनच दिवसांनी, १९ जूनला, थ्रेलबाईंना लिहिलेल्या पत्रात सांगितली आहे. एके काळी या बाईंच्या घरी त्याचा मुक्काम असे. आता त्यांचे मन त्याच्यावरून उडाले होते आणि हे त्याला ठाऊक होते. तरी लिहिले ते त्यांनाच. दुखत काहीच नव्हते, असे तो सांगतो. मन इतके थोडे खचले होते की आपल्या त्या उदासीनपणाचेच त्याला आश्चर्य वाटले. कदाचित प्रत्यक्ष मरणही आपण समजतो तितके भयंकर नसेल, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. दारूने माणसाला वाणी फुटते म्हणतात, म्हणून कंठ मोकळा करायला त्याने दोन घोट घेतले. अंगाला जोरजोराने हिसके देऊन पाहिले. काही उपयोग झाला नाही. मग तो अंथरुणावर पडला आणि, सांगायला विचित्र वाटेल, पण त्याला झोप लागली.

उजाडल्यावर देवाने वाचा नेली तरी हात ठेवला आहे, हे त्याने पाहिले. चिठ्ठी लिहून नोकराच्या हातात दिली. नोकर, फ्रान्सिस बार्बर, बोलतबोलतच आत आला होता. धनी समोर असताना कागद का वाचायचा हे त्याला चटकन उमजेना. दुसरी चिठ्ठी शेजारच्या ॲलन नावाच्या मुद्रकाला. देवाने आज सकाळी माझी वाणी काढून घेतली आहे, पुढे शुद्धीही नेईल न जाणो, तेव्हा या आणि माझ्या वतीने जे करायचे ते करा, असा तिचा आशय. ही चिठ्ठी लिहिताना मात्र अडचण आली. हात, का आणि कसा ते कळेना, भलतीच अक्षरे काढू लागला. ही एक बारीकशी नोंद आज सोन्याच्या मोलाची ठरली आहे. मॅकडोनल्ड क्रिचली या लंडनच्या मज्जाविकारतज्ज्ञाने १९६२ साली जॉन्सनच्या या वाचाभंगावर स्वतंत्र निबंध लिहिला. केवळ जीभ जड झाली असती तर हाताने भलती अक्षरे काढायचे कारण नव्हते. दोष जिभेपेक्षा वरच्या मजल्यावर होता. भाषेच्याच कोठारात आग लागली होती.

हेबर्डन आणि ब्रॉकल्सबी हे त्या काळचे नाणावलेले वैद्य धावून आले. त्यांनी पाठीवर, आणि दोन्ही बाजूंना कानापासून गळ्यापर्यंत फोड आणणारे लेप लावले. स्वित्झर्लंडातल्या शाफहाउझेन गावच्या वेप्फर या वैद्याने १६५८ सालीच, या रोगाने मेलेल्यांची शवे तपासून, मेंदूतील रक्तस्रावाकडे बोट दाखवले होते. पण सव्वाशे वर्षांनंतरही उपाय कातडीवरच चालले होते. जॉन्सनचे नशीब बलवत्तर. थोड्याच वेळात वाचा परतू लागली, ख्रिस्ती लोकांची नित्याची प्रार्थना त्याला बऱ्यापैकी स्पष्ट म्हणता आली. लेप नीट चिकटत नाही म्हणून औषध विकणाऱ्याला दमदाटी करून त्याने तो दुसऱ्या पद्धतीने बनवून घेतला. स्वभाव परत आला म्हणजे माणूस परत आला! त्यानंतर दीड वर्ष तो जगला. १३ डिसेंबर १७८४ रोजी त्याचे निधन झाले.

आता या हकीकतीकडे आजच्या ज्ञानाच्या उजेडात पाहिले म्हणजे दोन गोष्टी मनात घोळत राहतात. पहिली ही, की जॉन्सनने घेतलेली परीक्षा चुकीच्या विषयाची होती आणि तरीही एका अर्थी ती फार खोल होती. त्याने पद्यरचना तपासली आणि तिकडे गद्य बोलणे निघून गेले! परंतु त्या परीक्षेचे मर्म पद्यात नव्हतेच. ओळी सामान्य आहेत हे त्याला कळले, यात होते. आपले उणे आपल्याला दिसणे ही मनाची शेवटची चौकी. ती चौकी त्या रात्री पडली नव्हती. दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. ज्या माणसाने जन्मभर याच एका संकटाची वाट पाहात पहारा केला, त्याला ते प्रत्यक्ष आल्यावर हाक मारावीशी वाटली नाही. तो झोपला.

जॉन्सनच्या मृत्यूनंतर ७७ वर्षांनी, १८६१ साली, पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात लेबोर्ञ नावाचा एक रुग्ण मरण पावला. एकवीस वर्षे तो ‘तां’ या एका अक्षराखेरीज जवळजवळ काही बोलू शकला नव्हता. बाकी विचारलेले त्याला समजत असे. पॉल ब्रोका या शल्यवैद्याने त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागातील एक वळी नासलेली आढळली. असेच रुग्ण जमवीत १८६५ साली ब्रोकाने सांगितले, की आपण मेंदूच्या डाव्या अर्धाने बोलतो. १८७४ साली जर्मनीत वेर्निकने दुसरी जागा दाखवली. ती बिघडली की रुग्ण अस्खलित बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो, आणि दुसऱ्याचे बोलणेही त्याला कळत नाही. मन म्हणजे एक अखंड दिवा, तो एक तर तेवतो नाही तर विझतो, ही जुनी कल्पना येथे मोडली. मन हा अनेक दालनांचा वाडा आहे आणि एका दालनात अंधार पडला तरी शेजारचे उजळलेले राहू शकते, हे कळू लागले.

मग उजव्या अर्धाचे काम काय? याचे उत्तर यायला आणखी चाळीस वर्षे लागली. पॅरिसमध्येच जोझेफ बाबिन्स्की याने, ज्याच्या नावाची तळपायाची खूण आजही प्रत्येक डॉक्टर तपासतो, १९१४ साली काही रुग्णांची हकीकत वैद्यांपुढे ठेवली. त्यांचे डावे अंग पूर्ण लुळे पडले होते, आणि ते लुळे पडले आहे हेच त्यांना मान्य नव्हते! हात उचला म्हटले तर उचलल्यासारखे करीत किंवा उत्तरच टाळीत. बुद्धी शाबूत, बोलणे शाबूत. फक्त आपल्या रोगाची जाणीव तेवढी गेलेली. बाबिन्स्कीने त्याला ‘ॲनोसोग्नोसिया’ असे नाव दिले. आपण त्याला रोगाचे अज्ञान म्हणू. ज्या चौकीवर जॉन्सन वाचला तीच चौकी येथे पडलेली असते. डाव्या अर्धाचा रुग्ण पुष्कळदा बोलू शकत नाही, पण आपले काय गेले हे जाणून तळमळतो. उजव्या अर्धाचा रुग्ण छान बोलतो आणि म्हणतो, मला काहीसुद्धा झालेले नाही.

असा रुग्ण एखाद्या घरातला आजोबा असेल तर घराला त्रास होतो. तो राष्ट्राचा अध्यक्ष असेल तर?

बाबिन्स्कीच्या निबंधाला पाच वर्षे झाली होती. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन पहिल्या महायुद्धाच्या तहावरून परतले होते. स्वयंनिर्णयाच्या त्यांच्या घोषणेने पारतंत्र्यातल्या देशांना आशा लावली होती. आपल्या लोकमान्यांनीही १९१९ च्या आरंभी इंग्लंडातून त्यांच्यापुढे हिंदुस्थानचे गाऱ्हाणे मांडले होते. राष्ट्रसंघाची कल्पना अमेरिकन सिनेटच्या गळी उतरत नाही असे पाहून विल्सन लोकांकडे दाद मागायला आगगाडीने देशभर हिंडू लागले. २५ सप्टेंबर १९१९ रोजी कोलोरॅडोतील प्वेब्लो येथे भाषण झाले, त्या रात्री प्रकृती ढासळली आणि दौरा आवरता घ्यावा लागला. २ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये झटका आला. डावे अंग गेले. वाचा मात्र राहिली.

पत्नी एडिथ आणि खाजगी डॉक्टर ग्रेसन यांनी रोगाचे खरे स्वरूप देशापासून लपवले. डिसेंबरात दोन सिनेटर खात्री करून घ्यायला आले, तेव्हा अध्यक्ष डावा हात पांघरुणाखाली ठेवून अंथरुणात पडले होते; बोलणे इतके चलाख, की पाहुणे समाधान पावून परतले. सिनेटमध्ये तडजोडीची वाट उघडी होती. काही अटी मान्य केल्या असत्या तर तह मंजूर होण्याजोगा होता. विल्सन एक पाऊलही मागे आले नाहीत. १९ नोव्हेंबर १९१९ ला तह फेटाळला गेला. १९ मार्च १९२० ला पुन्हा मतदान झाले, ४९ विरुद्ध ३५. दोन तृतीयांशाला सात मते कमी पडली आणि अमेरिका राष्ट्रसंघाबाहेर राहिली. मंत्र्यांच्या बैठका परस्पर बोलावल्या म्हणून परराष्ट्रमंत्री लॅन्सिंग यांना विल्सननी घरी पाठवले होते. इतकेच काय, तिसऱ्यांदा अध्यक्षपदाची उमेदवारी मिळावी अशी इच्छाही ते बाळगून होते.

एडविन वाइनस्टीन या मज्जाविकारतज्ज्ञाने १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या विल्सन-चरित्रात या हट्टामागे मेंदूच्या इजेचा मोठा हात पाहिला आहे. इतिहासकार या बाबतीत एकमताचे नाहीत. विल्सन मुळातच हट्टी होते, हेही खोटे नाही. रोग नवा स्वभाव देतो की जुन्याच स्वभावाचे लगाम काढून घेतो, हा निवाडा सोपा नसतो. पण एवढे निश्चित, की आपण पूर्वीचेच आहोत अशी त्यांची खात्री होती आणि ती खात्री तपासून पाहण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. अध्यक्ष काम करण्यास असमर्थ ठरला तर काय करायचे याची तरतूद अमेरिकेच्या घटनेत स्पष्टपणे आली ती १९६७ च्या पंचविसाव्या दुरुस्तीने. काळोखात लॅटिन ओळी रचून स्वतःची झडती घेणारा जॉन्सन आणि पांघरुणाखाली हात लपवून जगाचे भवितव्य ठरवणारे विल्सन, ही एकाच रोगाची दोन टोके आहेत.

या दोघांच्या मधे एक तिसरा माणूस उभा आहे, आणि तो आपल्याला सर्वांत जवळचा. लुई पाश्चर ४५ वर्षांचा होता. १९ ऑक्टोबर १८६८ च्या सकाळी त्याला डाव्या अंगात चमत्कारिक मुंग्या आल्यासारखे झाले. तरीही दुपारी तो विज्ञान अकादमीच्या बैठकीला गेला, ठरलेला निबंध वाचला, मित्रांबरोबर चालत घरी आला, जेवला आणि निजायला गेला. रात्री झटक्याने डावी बाजू निकामी केली. आठवडा जातो न जातो तोच त्याने अंथरुणातूनच रेशमाच्या किड्यांच्या रोगावर टिपण सांगून लिहवून घेतले, आणि पुढे सत्तावीस वर्षे लंगडत्या पायाने काम केले. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरची लस १८८५ ची, म्हणजे या आजारानंतरची. पाश्चरची जिद्द आपण मुलांना सांगतो. त्या सकाळची चूक मात्र सांगत नाही. सूक्ष्मातल्या सूक्ष्म जंतूच्या मागावर राहणाऱ्या माणसाने स्वतःच्या शरीराची इशारत बाजूला सारली.

सारली तर सारली, असेही म्हणता येईल. १८६८ साली डॉक्टर येऊन तरी काय करणार होता? हेच तर बदलले आहे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विंबल्डनच्या रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सी.टी. स्कॅन झाले आणि जिवंतपणी कवटीच्या आत रक्त सांडले आहे की गुठळी अडकली आहे हे पाहता येऊ लागले. गुठळी असेल तर ती विरघळवणारे औषध पहिल्या तीन तासांत दिल्यास लाभ होतो हे १९९५ साली सिद्ध झाले. २००८ साली ती मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. २०१५ पासून मोठ्या वाहिनीतली गुठळी जांघेतून नळी घालून ओढून काढण्याचा उपायही मान्य झाला. आपल्याकडच्या मोठ्या शहरांतून हे उपचार मिळतात. पण सारे घड्याळावर चालते. मोठी वाहिनी बंद पडली तर दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. आपल्या जुन्या मापाची घटका चोवीस मिनिटांची. म्हणजे एका घटकेत साडेचार कोटींहून अधिक पेशी. ‘घटका भरली’ हा शब्दप्रयोग इतका अक्षरशः कुठे लागू पडत नसेल.

जॉन्सनची हकीकत मी मुद्दाम शोधून वाचली त्याला एक कारण आहे. आमचे एक काका शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, बोलण्यात मोठे नेटके. एका सकाळी चहा घेताना त्यांनी कपाला ‘किल्ली’ म्हटले. आम्ही हसलो. त्यांनी दुरुस्त करायला पुन्हा तोंड उघडले आणि पुन्हा ‘किल्ली’च म्हणाले. मग तेही हसले. “रात्री नीट झोप नाही, पित्त चढलंय,” असे म्हणून ते आत जाऊन आडवे झाले. काकूंनी दार लोटून घेतले, मुलांना आवाज करू नका म्हणून दटावले. सगळे मायेनेच केले. दुपारी जेवायला उठवायला गेलो तेव्हा उजवा हात आणि वाचा दोन्ही गेली होती. पुढची चार वर्षे ते आमच्याकडे नुसते पाहात. त्या दृष्टीत काय काय होते ते सांगत बसत नाही.

‘पित्त’, ‘थकवा’, ‘वय झालं’, ‘विसराळूपणा’ हे आपल्या घरोघरचे शब्द. या रोगाला त्यांच्याआड लपायला फार सोयीचे जाते, कारण तो दुखत नाही. छातीत कळ आली तर माणूस ओरडतो. मेंदूतली वाहिनी पुष्कळदा मुकाट्याने बंद होते. मेंदू सगळ्या शरीराचे दुखणे जाणतो, स्वतःचे मात्र त्याला जाणवत नाही. म्हणून या घटकेचा पहारा रोग्यावर सोपवून चालत नाही. तो शेजारी बसलेल्याने करायचा असतो. बोलताबोलता शब्द एकाएकी भलताच येऊ लागला, साधे वाक्य समजेना, हसताना ओठाचा एक कोपरा खाली राहिला, दोन्ही हात पुढे धरले असता एक खाली ओघळला, की घड्याळ पाहावे आणि निघावे. त्या माणसाने ‘मला काही झालेले नाही’ म्हटले तरी निघावे. तसे तो म्हणाला तर जरा अधिकच लगबगीने निघावे. पाच मिनिटांत सारे ठीक झाले, तरीही.

जॉन्सनने त्या पहाटे आपल्या बुद्धीची परीक्षा घेतली आणि स्वतःला उत्तीर्ण केले. एवढा मोठा माणूस, एवढा सावध. त्यालाही दुसऱ्या परीक्षकाची गरज होती. त्या घरात त्याचा नोकर निजला होता. हाकेला वाचा नव्हती हे खरे, पण काठीने जमिनीवर ठोकता आले असते. ते त्याच्या मनात आले नाही. तो उजाडण्याची वाट पाहात झोपून गेला. त्याचे उजाडले. सर्वांचे उजाडतेच असे नाही.